शिट्टी गळ्यात आल्यावर

मे महिन्याच्या सुटीत आपल्या चर्चच्या मागच्या मैदानावर मुलांचे फुटबॉल शिबिर भरते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. सकाळची मिस्सा आटोपून घरी जाताना कुंपणापाशी दोन मिनिटे थांबून नातवाचा खेळ बघणारे आजी-आजोबा आम्ही दर वर्षी पाहतो. त्या शिबिरात शिकवणारे आम्ही तिघे. तिघेही याच मैदानावर वाढलो, धर्मग्रामाच्या संघातून आजूबाजूच्या गावांत खेळलो, एक-दोन चषकही घेऊन आलो. त्यामुळे मुलांना शिकवायला कोणीतरी पुढे यावे असे फादरांनी एका रविवारी मिस्सा झाल्यावर सांगितले, तेव्हा आम्हांला फार विचार करावा लागला नाही. आपल्याला खेळता येते, म्हणजे शिकवता येईल, एवढाच आमचा हिशोब होता.

तो हिशोब कुठे चुकला, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहोत. गोष्ट तीन वर्षांपूर्वीची आहे. तिच्याविषयी कुंपणापाशी पुष्कळ बोलणे झाले आहे, तेव्हा ती आमच्याच तोंडून ऐकलेली बरी. आणि ती सांगताना एक प्रश्नही आपल्यापुढे ठेवायचा आहे. आपल्याला अमुक एक गोष्ट माहीत नाही, हेच ज्याला माहीत नाही, अशा माणसाच्या हातून दुसऱ्याला इजा झाली, तर त्याचा दोष किती धरायचा?

पहिल्या वर्षी आम्ही खरे म्हणजे घाबरलेलो होतो. चाळीस मुले समोर उभी राहिली आणि त्यांना दीड तास काय द्यायचे ते सुचेना. आम्ही शाळेच्या पी.टी.च्या सरांना विचारले, मुलांच्या आयांना विचारले, मोठ्या मुलांनाही विचारले. कोणी पोटात दुखते म्हणाला की त्याला झाडाखाली बसवून पाणी देत होतो. एकाला ऊन लागले तर दोघे त्याच्या घरापर्यंत गेलो. शिबिर काही फार चांगले झाले नाही. मुलांनी बहुतेक वेळ नुसती मॅच खेळण्यात घालवली. पण त्या वर्षी कोणाला काही झाले नाही.

दुसऱ्या वर्षी शिबिराआधी आम्ही मुंबईला दोन दिवसांच्या प्रशिक्षण वर्गाला जाऊन आलो. तो वर्ग चांगला होता, हे आधीच सांगतो. त्यात काही खोट नव्हती. येताना आम्ही प्लास्टिकचे रंगीत कोन आणले, स्टॉपवॉच आणले आणि तिघांच्या गळ्यात तीन शिट्ट्या आल्या. गळ्यात शिट्टी आली की माणसाची मान थोडी ताठ होते, हा आमचा अनुभव आहे. आता आम्ही कोणाला विचारीत नव्हतो. पी.टी.चे सर कुंपणापाशी दिसले तर हात हलवून पुढे जात होतो. वर्गात जे शिकवले ते जेमतेम चार दिवस पुरले. पुढची जागा आम्ही आमच्या लहानपणच्या आठवणींनी भरून काढली. आमच्या वेळी मैदानाला दहा फेऱ्या आणि शंभर बेडूकउड्या असत. मग त्याही सुरू केल्या. वर्गात बेडूकउड्यांचे नावही निघाले नव्हते. पण शिट्टी तीच, कोन तेच, त्यामुळे मुलांना आणि आम्हांला स्वतःलाही हे सगळे एकाच शास्त्राचा भाग वाटत होते. कुंपणावरचे आजोबा म्हणाले, "यंदा खरे कोचिंग चाललेय." आमच्या पाठीवर तिसऱ्याच दिवशी थाप पडली.

त्या मुलांत तेरा वर्षांचा एक मुलगा होता. चपळ, कमी बोलणारा. त्या वर्षात तो एकदम उंच झाला होता. दुसऱ्या आठवड्यात तो एका सकाळी म्हणाला, "सर, गुडघ्याखाली दुखतंय." आम्ही म्हटले, "खेळाडूला दुखतंच. धाव, मोकळं होईल." तो धावला. चार दिवसांनी पुन्हा म्हणाला, तेव्हा आमच्यातल्या एकाने सगळ्यांसमोर विचारले, "कारणं सांगायला आलास की खेळायला?" मुले हसली. त्यानंतर तो काही म्हणाला नाही. शिबिर संपले तरी संध्याकाळचा सराव चालू होता, आणि तो रोज येत होता. उजवा पाय जरासा आखडून धावायचा. ते आम्हांला दिसत होते. त्याची धावण्याची पद्धत चुकते आहे असे समजून आम्ही ती सुधारण्याच्या मागे लागलो!

जून संपता संपता त्याच्या गुडघ्याखाली सुपारीएवढा उंचवटा आला आणि तो जिना चढेना. तेव्हा त्याची आई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलेला आजार मुळीच दुर्मीळ नाही. मांडीचे स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून येऊन नडगीच्या हाडाला जिथे जोडलेले असतात, तिथले हाड वाढत्या वयात अजून पक्के झालेले नसते. मुलगा झपाट्याने उंच होत असताना उड्या, धावणे, जोराने चेंडू मारणे यांचा ताण त्याच जागी पुन्हा पुन्हा पडला की ती जागा सुजते, दुखते आणि पुढे आलेली दिसते. अमेरिकेतील ऑसगूड आणि स्वित्झर्लंडमधील श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्या दोघांचे नाव आहे. वेळीच उड्या आणि धावणे कमी केले, तर बहुतेक मुलांचे दुखणे आटोक्यात राहते आणि उंची वाढायची थांबली की संपते. उंचवटा मात्र कधी कधी राहतो. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ वैद्यांना ठाऊक असलेली गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती. आणि हाडाची ती कच्ची जागा दुखावण्यासाठी मुद्दाम शोधून काढावा असा व्यायाम आम्ही रोज शंभर वेळा करून घेत होतो.

आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. ती रागावली नाही, त्यामुळे आम्हांला अधिकच अवघडल्यासारखे झाले. ती एवढेच म्हणाली, "रात्री तो उशीत तोंड घालून रडायचा. मी म्हटलं, सांग ना सरांना. तर म्हणाला, सरांना सगळं कळतं, त्यांनी धाव म्हटलं म्हणजे धावायलाच हवं."

परत येताना वाटेत आमचा वाद झाला. आमच्यातला एक म्हणाला, "अरे, आपल्याला माहीतच नव्हतं. माहीत असून केलं असतं तर गोष्ट वेगळी." दुसरा म्हणाला, "माहीत करून घेणं कठीण होतं का?" कठीण नव्हते. आपल्या चर्चमध्ये दर रविवारी आमच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या एक बाई इस्पितळात नर्स आहेत. शांतीचे चिन्ह देताना आम्ही त्यांना प्रत्येक रविवारी नमस्कार करीत होतो. एक वाक्य बोलायचे होते: "सिस्टर, एका मुलाच्या गुडघ्याखाली दुखतंय." ते आम्ही सहा आठवड्यांत बोललो नाही.

अज्ञानाचा हा प्रश्न जुना आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी तो नीट उलगडून ठेवला आहे. जे अज्ञान कितीही धडपड केली तरी दूर होण्यासारखे नसते, त्याचा दोष माणसाला लागत नाही. पण जी गोष्ट कळून घेणे आपले कर्तव्य आहे आणि थोडा प्रयत्न केला तर कळण्यासारखी आहे, तिचे अज्ञान म्हणजे हयगय, आणि हयगयीचा दोष लागतो. दुसऱ्यांची मुले हाती घेतल्यावर त्यांच्या अंगाविषयी चार गोष्टी कळून घेणे आमचे कर्तव्य होते. इथवर आमच्या दुसऱ्या मित्राचे म्हणणे बरोबर ठरते.

पण पहिल्याची बाजूही इतक्या सहज सोडून देता येत नाही. तो म्हणाला, "जी गोष्ट जगात आहे हेच मला माहीत नाही, तिच्याविषयी मी कोणाला विचारू तरी कसा?" ही अडचण खरी आहे. विचारण्यासाठी आधी शंका यावी लागते. आणि आम्हांला शंका का आली नाही? पहिल्या वर्षी तर आम्हांला जिथे तिथे शंका येत होती. पहिल्या वर्षी तोच मुलगा दुखते म्हणाला असता, तर आम्ही त्याला नक्की झाडाखाली बसवले असते. मधल्या काळात आमचे ज्ञान कमी झाले नव्हते, उलट दोन दिवसांच्या वर्गाएवढे वाढले होते.

हे आमच्यापुरतेच आहे की सगळ्यांचेच असे होते, हे पाहावे म्हणून आम्ही थोडे वाचन केले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांचा १९९९ सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण अशा विषयांच्या परीक्षा दिल्या आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे आहोत याचा अंदाज करायला सांगितले. सर्वांत खालच्या गटातले विद्यार्थी सरासरीने शंभरांत खालून बाराव्या जागी होते, पण स्वतःला ते बासष्टाव्या जागी समजत होते. या आकड्यांतून नेमके काय सिद्ध होते यावर पुढे काही अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, त्यात आम्ही शिरत नाही. आम्हांला जास्त जवळचा वाटला तो डनिंग यांनीच कार्मेन सांचेझ यांच्याबरोबर केलेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास. त्यात अगदी नवख्या लोकांना एक अनोळखी काम शिकायला दिले होते. सुरुवातीला ते सावध होते आणि आपल्याला फारसे येत नाही हे त्यांना बरोबर कळत होते. पण थोडासा अनुभव मिळताच त्यांचा आत्मविश्वास त्यांच्या कौशल्याला फार मागे टाकून पुढे पळाला. म्हणजे धोक्याची जागा दारात नाही, दारातून दोन पावले आत गेल्यावर आहे. आमचे दुसरे वर्ष ते हेच.

प्रशिक्षकाच्या बाबतीत या रोगाला आणखी एक खतपाणी मिळते, असे आम्हांला वाटते. खेळाडूने चूक केली की चेंडू लगेच बाहेर जातो, समोरचा गोल करतो, लोक ओरडतात. त्याची चूक त्याच्याच पदरात आणि त्याच क्षणी पडते. प्रशिक्षकाची चूक सहा आठवड्यांनी दिसते, आणि तीही दुसऱ्याच्या गुडघ्यात. मधल्या काळात मुले "हो सर" म्हणत असतात. सचिन तेंडुलकरने २०१३ साली वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना सांगितले होते की, आचरेकर सरांनी त्याला कधीही 'छान खेळलास' असे म्हटले नाही, कारण तो गाफील होईल अशी त्यांना भीती होती. शिष्याला जपायला असा गुरू असतो. गुरूला जपायला कोण असते? त्याला तर सगळेच 'छान शिकवता' म्हणत असतात. आणि हेच आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, हे आमच्यासारख्या 'आम्ही खेळलोय' म्हणणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावे. खेळणे हे एक कौशल्य आहे आणि शिकवणे हे वेगळे. अथेन्सच्या न्यायालयात सॉक्रेटिसने कारागिरांविषयी हेच म्हटले होते. कारागिरांना त्यांची कला उत्तम येत होती, हे तो मान्य करतो. पण ती येते म्हणून इतर मोठ्या गोष्टीही आपल्याला कळतात असे ते समजू लागले, आणि तिथे ते फसले. आम्हांला चेंडू अडवता येत होता, म्हणून मुलाचे हाडही कळते असे आम्ही धरून चाललो.

मग प्रशिक्षकाने काय करावे? प्रत्येक सूचनेपुढे 'बहुतेक' आणि 'माझ्या अल्पमतीप्रमाणे' असे लावावे का? ते चालणार नाही. दहा वर्षांच्या मुलाला ठाम आवाज हवा असतो. आम्ही तसे करूनही पाहिले. त्या प्रसंगानंतर महिनाभर आम्ही इतके चाचरत होतो की मुले आपसांत भांडू लागली आणि सराव अर्ध्यावरच मोडू लागला. ठामपणा आणि गर्व यांना वेगळे कसे करावे, हे आम्हांला अजून पुरते जमलेले नाही. पण एका माणसाच्या कामात ते दिसते.

सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. पेशाने शिक्षक. १९५० पासून ते भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. अलीकडे २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा चित्रपटही आला. त्यांची शिस्त कडक होती. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने त्याच भारताला १०-१ असे हरवले. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. आदल्या वर्षीचे सुवर्ण गाठीशी असताना 'थंडी होती, नशीब वाईट होते' म्हणून जुनेच पुढे चालवणे सोपे होते. तसे झाले नाही. पायांत बूट आले आणि खेळ बदलला. १९५६ साली मेलबर्नमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाचे होते. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. पहिला गोल भारताने केला. अखेर ४-१ अशी हार झाली, पण १०-१ पासून तिथवरचे अंतर पाहा. १९६२ साली जकार्त्यात पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी ०-२ असा गमावला. पुढे डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला, जो खरा बचावपटू, रहीम यांनी पुढच्या फळीत खेळवले. अंतिम सामन्यात त्याच कोरियाला भारताने २-१ असे हरवले आणि त्या दोनांतला एक गोल जर्नेलचा होता. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी ते गेले. सामन्याच्या दिवशी त्यांचा शब्द शेवटचा असे, पण मागच्या सामन्याने काय सांगितले ते ऐकण्याइतके कान त्यांनी उघडे ठेवले होते. (डोक्याला टाके पडलेल्या खेळाडूला आज कोणी मैदानात उतरवणार नाही, हेही इथेच म्हटले पाहिजे. उद्या आमच्या आजच्या पद्धतींविषयीही कोणी असेच म्हणेल.)

ऐकण्याची गोष्ट निघाली म्हणून आमच्या पहिल्या मित्राच्या अडचणीकडे पुन्हा वळतो. जे ठाऊकच नाही त्याची शंका कशी यावी? आम्हांला वाटते, ती शंका आम्हांला यायलाच हवी होती असे नाही. ती त्या मुलाने आणून दिली होती, तीही दोनदा. त्या आजाराचे नाव माहीत असणे आमच्याकडून अपेक्षित नव्हते. तो बोलला तेव्हा ऐकणे मात्र अपेक्षित होते. आम्ही त्याला गप्प केले, आणि आमचा दोष नेमका तिथे आहे, अशा ठिकाणी आम्ही तिघे अखेर येऊन पोचलो. 'कारणं सांगायला आलास' हे वाक्य ज्याच्या तोंडून गेले, तो आमच्यातला सर्वांत हळवा माणूस आहे, हेही नमूद करतो.

त्याने नंतर शिकवणे सोडले. "मी काय शिकवणार, मला काय येतं," असे म्हणून शिट्टी परत दिली. पुष्कळांना त्यात मोठी नम्रता दिसली. आम्हांला ती नम्रता वाटली नाही आणि तसे आम्ही त्याला तोंडावर सांगितले. आधी 'मला सगळं येतं' म्हणताना त्याची नजर स्वतःवर होती, आता 'मला काही येत नाही' म्हणतानाही ती तिथेच होती. मैदानावर मुले तशीच उभी होती. तो पाच महिने आला नाही. मग नाताळच्या सुटीत एकदा आला, बाकावर बसला, आणि कोणी न सांगता चेंडूत हवा भरू लागला.

आता बेडूकउड्या नाहीत. मुले आली की आम्ही त्यांना पाय पुढे करून बसवतो आणि दुखत असेल तिथे बोट ठेवायला सांगतो. यात कधी कधी फसवणूकही होते. गृहपाठ राहिलेल्या मुलाची घोट्यावर बोट ठेवण्याची कला वाखाणण्यासारखी असते. आम्ही त्याला बसवतो. त्यात आमचा सराव बुडतो, कुंपणावरचे आजोबा म्हणतात, "पोरांना लाडावून ठेवलंय." म्हणू देत. महिन्यातून एकदा नर्सबाई येऊन जातात. आणि आमच्यातल्या एकाने प्रशिक्षकाच्या डी लायसन्सच्या अभ्यासक्रमाची चौकशी केली आहे. त्याच्या पुढे सी, बी, ए अशा पायऱ्या आहेत, हे कळल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तो मुलगा वर्षभराने परत खेळू लागला. आता सोळा वर्षांचा आहे. उंचवटा अजून आहे, दुखत नाही. यंदाच्या मे महिन्यात आम्ही त्याला लहान मुलांच्या गटाला शिकवायला लावले आणि गळ्यात एक शिट्टी दिली. चौथ्याच दिवशी आम्ही तिघे बाकावर बसलो असताना त्याचा आवाज ऐकू आला. आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा लंगडत त्याच्याकडे आला होता, आणि तो म्हणत होता, "काही होत नाही, धाव." आम्ही तिघेही एकदम उठलो. पण आम्ही पोचायच्या आतच त्याने त्या पोराला हाक मारून परत बोलावले होते आणि मातीत गुडघे टेकून त्याचा पाय हातात घेतला होता. "कुठे दुखतंय, बोट ठेव." पोराने अंगठ्यावर बोट ठेवले. बूट दोन नंबरांनी लहान झाला होता.